पेट्रोलचा वास आणि साहेबांचं कपाळ

आमच्या घरात त्या काळात भाकरीला पेट्रोलचा वास यायचा. भाकरीला, खर्ड्याला, आईच्या पदराला, उशीच्या अभ्र्याला. मी सांगलीला कॉलेजला जायचे तेव्हा एसटीत शेजारी बसणाऱ्या बाईच्या तोंडाकडे बघून कळायचं, की माझ्या वेणीलासुद्धा येतोय. हा वास आमच्या आप्पांच्या विमानाचा होता. तासगावाहून कवठे महांकाळकडे जाताना लागणाऱ्या आमच्या गावात माणसं द्राक्षं लावायची, बेदाणा करायची, पोरं फौजेत धाडायची, आणि फौजेतून परत आलेले म्हातारे पारावर बसून लढाया सांगायचे, त्यातल्या निम्म्या न लढलेल्या. आप्पांचं तेवढ्यावर भागलं नाही. फौजेच्या वर्कशॉपात ट्रकांची इंजिनं दुरुस्त करत करत ते सुभेदार झाले, पेन्शन घेऊन घरी आले, पहिल्याच हंगामात बेदाण्याच्या शेडमधले निम्मे रॅक मोडले, आणि त्या जागेत विमान बांधायला घेतलं. कशासाठी, असं त्यांना विचारायची सोय नव्हती. एकदा आईनं विचारलं होतं. आप्पा म्हणाले, "मान्सानं आकाशाकडं बगावं." आई म्हणाली, "बगा की. बागेवर फवारा मारायचा ऱ्हायलाय, तेवडं मारा आन् मग बगा."

आता माझ्या डोक्यातले निम्मे केस पांढरे झालेत आणि अशा कारभाराकडे लोक कौतुकानं बघायला लागलेत. कुणी गोठ्यात हेलिकॉप्टर बनवलं की त्याचा व्हिडिओ मला हमखास येतो, खाली टाळ्या वाजवणारे हात. मी टाळ्या वाजवत नाही. त्या गोठ्यात राहणाऱ्या बायकांची नाकं कशी आहेत, एवढंच माझ्या मनात येतं.

आप्पा वाईट कारागीर नव्हते, हे आधीच सांगते. विमानाचे पंख त्यांनी झकास बांधले होते. लाकडी सांगाडा, वर कापड, एकेक शिवण सरळ. वाईट होतं ते त्यांचं डोकं, त्यात एकदा गेलेली गोष्ट बाहेर येत नसे. इंजिन त्यांनी एका मोडीत निघालेल्या छोट्या मोटारीचं आणलं. त्या इंजिनाला इंजेक्टर होते. इंजेक्टर म्हणजे पेट्रोलची बारीक पिचकारी, प्रत्येक सिलिंडरला एक. मोटार बनवणाऱ्यांनी या पिचकाऱ्या विचार करूनच बसवलेल्या असतात, हवेच्या नळीच्या अगदी शेवटी, व्हॉल्व्हच्या तोंडाशी. पेट्रोलचा फवारा सरळ तापलेल्या व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतो, तिथं त्याची वाफ होते आणि ती आत ओढली जाते. पण तशा बसवल्या तर त्या इंजिनाच्या वरच्या अंगाला चार बोटं बाहेर येत होत्या, आणि आप्पांनी विमानाचं नाक आधीच करून ठेवलं होतं. निमुळतं, देखणं, अॅल्युमिनियमच्या पत्र्याचं. त्या झाकणाला आम्ही बोनेटच म्हणायचो. बोनेट बसत नाही म्हटल्यावर कुणीही बोनेट बदललं असतं. आप्पांनी इंजिन बदललं. मूळची नळी काढून फेकली, इंजिनाच्या पोटाखालून वळसा घेणारी दुसरी नळी स्वतः जोडली, आणि सगळे इंजेक्टर त्या नळीत खाली, व्हॉल्व्हपासून हातभर लांब नेऊन बसवले. "पेट्रोल पेट्रोल हाय," ते म्हणाले. "हितनं सोडलं काय आन् तितनं सोडलं काय, जानार कुठं?"

कुठं जाणार ते आम्हाला लवकरच कळलं. ते आमच्या स्वयंपाकघरात आलं. शेड आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत होती. शेडमध्ये आप्पांनी विमानात बाहेरून हात घालून बटण दाबलं की पेट्रोलचा पंप घूंऽऽ करून घुमायचा आणि आईच्या मांडणीवरच्या ताटल्या थरथरायच्या. मग इंजिन खोकायचं, अडखळायचं, पुन्हा खोकायचं आणि मग भडकून चालायचं. ते चालू असताना वास कमी असे. बंद केलं, की तापलेल्या इंजिनाखालून वास असा उठायचा की डोळ्यांत पाणी यावं. आई तेवढ्यात गॅस बंद करायची. काही दिवस तिनं असं काढलं, नंतर एके सकाळी तिनं शेगडी आणि सिलिंडर उचलून गोठ्यापलीकडे नेले, वर पत्रा टाकला आणि तिथंच स्वयंपाक मांडला. उन्हात, वाऱ्यात, कोंबड्या हाकलत ती हुलग्याचं माडगं ढवळत बसायची. येणारे-जाणारे विचारायचे, "वैनी, घर पडलं का काय?" आई म्हणायची, "न्हाई, उडायच्या बेतात हाय."

आप्पांना वास येतच नव्हता. ते आणि त्यांचे सगळे दोस्त दिवसभर तंबाखू मळायचे, त्यांच्या नाकात केव्हाच काही उरलं नव्हतं. हे दोस्त रोज संध्याकाळी शेडमध्ये जमायचे, विमानाच्या पंखावरून हात फिरवायचे आणि "सुभेदार, लय भारी" म्हणायचे. त्यातल्या एकालाही स्क्रू फिरवता येत नव्हता. माझ्या कॉलेजातले एक सर मी मोठ्या आशेनं घरी आणले, तर त्यांनी विमानाला टेकून फोटो काढून घेतला, जेवले, आणि "इंधन म्हटल्यावर थोडा गंध यायचाच" असं म्हणून निघून गेले. त्यांच्यापेक्षा तासगावच्या बाजारातला व्यापारी बरा. त्यानं आमच्या पेटीतला बेदाणा मुठीत घेतला, नाकाशी नेला आणि सगळ्यांसमोर आप्पांना विचारलं, "सुभेदार, ह्यो खायाचा हाय का गाडीत वतायचा?" माल परत आला. आप्पा घरी येऊन म्हणाले, "येपाऱ्याला अक्कल न्हाई."

मी तेव्हा सांगलीला ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करत होते. मुलीनं हे शिकावं हा हट्ट आप्पांचाच, आणि शिकलेलं घरी बोलू नये हाही त्यांचाच. वास कुठून येतो ते शोधून काढायचं मी ठरवलं, कारण माझा थोरला भाऊ, संभादादा, त्या विमानात बसणार होता. तो कॉलेजात असताना एनसीसीत उडायला शिकला होता, पुढे एका क्लबातही जाऊन आला होता. हुशार होता, हात हलका होता, पण आप्पांपुढे त्याची मान वर होत नसे. पेट्रोलची टाकी त्याच्या गुडघ्यांच्या पुढ्यात होती.

मी एका टोकापासून सुरुवात केली. टाकीचं झाकण, टाकीची वेल्डिंग, पंप, गाळणी, नळ्यांचे क्लॅम्प. प्रत्येक सांध्यावर माझी तोंडाला लावायची पावडर मारून ठेवली, म्हणजे थेंब जरी गळला तरी पावडर ओली होऊन दिसेल. इंजिन चालवलं, बंद केलं, पाहिलं. पावडर सगळीकडे कोरडी होती. एका इंजेक्टरच्या रबरी कड्यापाशी तेवढी किंचित ओल होती, पण घर भरून वास सुटायला ती पुरणार नव्हती. तेव्हा माझं लक्ष पोटाखालच्या वळशाकडे गेलं. मी आईचं एक पातेलं खाली धरलं आणि नळीचा सर्वांत खालचा जोड सैल केला. पातेल्यात पेट्रोलची धार पडली. एवढं पेट्रोल जिथं फक्त हवा आणि फवारा असायला हवा तिथं साठून राहिलं होतं. लांबून मारलेला फवारा नळीच्या भिंतीला चिकटत होता, ओघळून वळशात जमत होता, इंजिन बंद झालं की त्याच्या उष्णतेनं त्याची वाफ होत होती आणि हवेच्या गाळणीतून उलटी बाहेर येत होती. इंजिन आणि बसायची जागा यांच्या मधल्या पत्र्याला तारांसाठी पाडलेली भोकं आप्पांनी बुजवली नव्हती, त्यांतून ती थेट दादाच्या मांडीवर जात होती.

पातेलं घेऊन मी आप्पांपुढे गेले. म्हटलं, "आप्पा, इंजेक्टर वर न्यायला पायजेत. मूळच्या जागी. हे तळं पेटलं तर काय?"

त्यांनी पातेल्यात बघितलं. "जास्तीचं ऱ्हातं. इंजिन गार आसलं की ऱ्हातंच."

"वास येतोय आप्पा."

"इंजिन हाय नंदे, अत्तराची बाटली न्हाई."

"बोनेटला कापून वर उंचवटा केला की बसतंय सगळं."

यावर मात्र आप्पा ताडकन उठले. "बोनेटला हात लावायचा न्हाई!"

कारण बोनेटवर साहेब होते. साहेब म्हणजे आमच्या भागातले एक पुढारी. विमान उडवायला परवानग्या लागतात, असा विषय निघाला की आप्पा म्हणायचे, "साहेब बगत्याल." साहेबांनी बघावं म्हणून त्यांनी सांगलीहून पेंटर आणून बोनेटच्या दोन्ही अंगांना साहेबांचा चेहरा काढून घेतला होता. गाल टमाट्यासारखे, मिशी खऱ्याहून दाट. इंजेक्टर मूळ जागी नेले असते तर ते उजव्या बाजूच्या साहेबांच्या बरोबर कपाळातून वर आले असते. पोरगा जळाला तरी चालेल, रंगवलेल्या कपाळाला भोक पडता कामा नये, असा तो हिशेब होता. आप्पांनी तो या शब्दांत कधी मांडला नाही. मांडला असता तर बहुतेक त्यांनाही ऐकवला नसता.

त्याच आठवड्यात दादा शेडबाहेर विमानात बसून इंजिन चालू करत होता. इंजिन अडखळलं, उलटं शिंकलं, आणि हवेच्या गाळणीतून आगीची जीभ बाहेर आली. दादा वाकून बाजूच्या नळीकडे बघत होता. ती जीभ त्याच्या तोंडावरून गेली. मी अग्निशामक सिलिंडर घेऊन उभीच होते, आग लगेच विझली, पण दादा वर बघायला लागला तेव्हा त्याचा चेहरा ओळखू येईना. दोन्ही भुवया गेल्या होत्या. आप्पांनी आधी बोनेट बघितलं, साहेबांना धग लागली नव्हती. मग पोराकडे वळून म्हणाले, "भुवया काय रं, परत येत्यात."

आई दारात उभी होती. ती आत गेली, कोरफड कापून आणली आणि दादाच्या कपाळाला लावत बसली. ती गप्प बसली की आम्हाला भीती वाटायची.

साहेबांच्या हस्ते विमानाचं उद्घाटन जतकडच्या एका माळावर ठरलं. तिथली जमीन सपाट, झाडं नाहीत, गाव लांब. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून विमान नेलं, पंख वेगळे, धड वेगळं. आम्हाला वाटलं आई घरी थांबेल. ती भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन न विचारता ट्रॉलीत येऊन बसली. माळावर मांडव, खुर्च्या, हलगी, पाण्याचा टँकर, आणि विमान बघायला आलेली चार गावांची माणसं. मेंढरं चारणारा एक म्हातारा धनगर घोंगडं खांद्यावर टाकून अगदी पुढं बसला होता. साहेब उशिरा आले. त्यांनी बोनेटवर स्वतःचा चेहरा बघितला, खूश झाले, नारळ फोडला आणि विचारलं, "उडतंय न्हवं?"

"व्हय साहेब. पोरगा उडिवतोय," आप्पा म्हणाले, आणि दादाला हात केला. बिनभुवयांचा दादा चालायला लागला.

तेव्हा आई उठली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि मांडवाच्या मधोमध, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आवं, पोरगा ऱ्हाऊ द्या. आधी तुमी बसा."

आप्पांना वाटलं ती चेष्टा करतेय. "मला कुठं उडवाय येतंय?"

"उडवू नका. नुसतं बसा. वरची काच लावा, इंजिन चालू करा, मग बंद करा, आन् साहेबांचं भाषन हुईस्तवर आतच बसा. वास न्हाईच म्हंता न्हवं? मग काय आडतंय?"

माणसं हसली. साहेबही हसले, म्हणाले, "बसा की सुभेदार, वैनींचा मान ऱ्हाऊ द्या." एवढ्या लोकांसमोर माघार घेणं आप्पांना जमणार नव्हतं. ते चढले. त्या विमानात इंजिन चालू असताना आप्पा कधी बसलेच नव्हते, हे माझ्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. त्यांनी काच ओढून घेतली, इंजिन चालू केलं, तापेपर्यंत चालवलं आणि बंद केलं. साहेबांनी माईक घेतला.

साहेबांचं भाषण ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगायला नको. ते पाण्यापासून सुरू झाले, उसावर गेले, तिथून देशाच्या सीमेवर. ऊन चढत होतं. काचेआड आप्पा ताठ बसले होते, सलामी द्यायला बसल्यासारखे. मी अग्निशामक सिलिंडर हातात धरून चाकापाशी उभी होते आणि मनातल्या मनात एकच म्हणत होते, की त्यांनी पुन्हा बटण दाबू नये. थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले. मग खोकले. मग रुमाल तोंडाला लावला. आई त्यांच्याकडे एकटक बघत होती. काच आतून उघडायला एक खटका होता. आप्पांनी त्याच्याकडे हात नेला, बाहेर आईकडे बघितलं आणि हात मागं घेतला. हट्टाचं असलं दर्शन मी पुन्हा कधी पाहिलं नाही. साहेब सीमेवरून आमच्या संस्कृतीवर आले तेव्हा आप्पांची मान एका बाजूला कलली. दादा धावला, त्यानं काच उघडली आणि त्यांना बगलेत धरून खाली घेतलं. आप्पा चाकाआड जाऊन भडाभडा ओकले.

मग ते तोंड पुसून लोकांपुढे आले, चेहरा पांढराफटक, आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आज वारं बराबर न्हाई. आज इमान उडणार न्हाई." माळावर वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. मांडवाची झालर हलत नव्हती. पण साहेबांनी गंभीरपणे मान हलवली, वाऱ्याबद्दल आणखी चार वाक्यं बोलले आणि गाडीत बसून निघून गेले. म्हातारा धनगर उठला, घोंगडं झटकलं आणि आम्हाला ऐकू जाईल असं म्हणाला, "माजं कोकरू बी ह्याच्यापरीस उंच उडी मारतंय गड्या." परतीच्या वाटेवर ट्रॉलीत आईनं भाकरी सोडली, आप्पांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती हुंगली, आणि तशीच परत दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमधून करकर आवाज आला. आम्ही गेलो तर आप्पा पत्राकात्री घेऊन साहेबांचं कपाळ कापत होते. एकदम मिशीपर्यंत. माझ्याकडे न बघता म्हणाले, "किती उंच पायजे?" मी बोटं धरून दाखवली. मूळची नळी त्यांनी फेकली नव्हतीच, पोत्याखाली ठेवली होती. ती बसवली, इंजेक्टर व्हॉल्व्हच्या तोंडाशी नेले, प्रत्येकाला नवं रबरी कडं, तेलाचं बोट फिरवून, म्हणजे बसवताना चिरू नये. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब नेली. मधल्या पत्र्याची भोकं बुजवली. बोनेटवर पत्र्याचा एक कुरूप उंचवटा आला, साहेबांना टेंगूळ आल्यासारखा. इंजिन पहिल्या फिरकीत चालू झालं. खोकलं नाही, शिंकलं नाही. बंद केल्यावर आप्पांनी आईला हाक मारली. तिनं लुगड्याचा काष्टा खोचला, विमानात चढली, काच लावून घेतली आणि आम्हाला ताटकळत ठेवून निवांत बसली. खाली उतरून म्हणाली, "आता नुसता रंगाचा वास येतोय." साहेबांचा एक माणूस येऊन टेंगूळ बघून गेला. त्यानंतर साहेबांनी आमचा फोन उचलला नाही.

विमान उडालं ते त्याच माळावर, एकदाच. मांडव नव्हता, हलगी नव्हती, परवानगी तर नव्हतीच. फक्त आम्ही चौघं होतो. दादाच्या भुवया अर्ध्या आल्या होत्या. त्यानं काच लावली, विमान माळावरून धावायला लागलं, उड्या मारू लागलं, आणि मग चाकांखाली ऊन दिसलं. आप्पांनी त्याच क्षणी पाठ फिरवली. ज्याच्यासाठी घर, बेदाणा, आईचं स्वयंपाकघर आणि पोराचा चेहरा पणाला लावला, ते बघायची वेळ आली तेव्हा सुभेदार हात मागे बांधून, डोळे मिटून उलटे उभे राहिले. इंजिनाचा आवाज लांब गेला, वळला, जवळ आला, बारीक झाला.

"उतरला का?" आप्पांनी विचारलं.

आई बोलली नाही.

दादा उतरला होता. अलगद उतरला होता, विमान थांबलं होतं, काच उघडून तो पंखावरून खाली आला होता आणि हसत हसत आमच्याकडे चालत येत होता.

"आगं, बोल की! उतरला का पोरगा?" आप्पांचा आवाज चिरकला.

मी तोंड उघडलं, तर आईनं माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे," ती हळूच म्हणाली. "जरा उभं ऱ्हाऊ दे त्यास्नी."

आणि दादा चालत येऊन आप्पांच्या खांद्याला हात लावेपर्यंत तिनं मला बोलू दिलं नाही.